नवा एसएमपीएस, जुनी केबल आणि बंद पडलेला कॉम्प्युटर

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. घरचा कॉम्प्युटर, रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड. तुम्ही त्यात सेकंड-हँड आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घातलं, ८ जीबी रॅमच्या जोडीला आणखी एक ८ जीबीची स्टिक लावली आणि कार्डाला वीज पुरावी म्हणून जुना मॉड्युलर एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणारं युनिट; मॉड्युलर म्हणजे ज्याच्या केबल सुट्या निघतात असा) काढून दुसऱ्या कंपनीचा ६५० वॅटचा मॉड्युलर एसएमपीएस बसवला. बटण दाबल्यावर पंखा जेमतेम पाव फेरा फिरला आणि थांबला. आता कितीही दाबलं तरी काही होत नाही, बोर्डावरचा बारीक दिवा मात्र लागतो. दुकानदाराने फोनवरच सांगितलं की मदरबोर्ड गेला. आणि शेवटी सहज म्हणून लिहिलंत: ‘हार्डडिस्कची केबल जुन्या एसएमपीएसचीच ठेवली आहे, ती मागून छान बांधलेली होती आणि नव्याला बरोबर बसली.’

त्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. बाकीचं नंतर बघू. आत्ता उठून भिंतीतला प्लग काढा आणि बटण पुन्हा दाबून बघू नका. ‘एकदा बघू, कदाचित होईल’ हा प्रकार इथे महागात पडतो.

मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलला दोन टोकं असतात. डिस्ककडचं टोक जगभर एकच असतं: साटाचा, म्हणजे हार्डडिस्क जोडायच्या ठरलेल्या पद्धतीचा, १५ पिनांचा चपटा कनेक्टर. त्यात पहिल्या तीन पिना ३.३ व्होल्टच्या, मग तीन ग्राउंड, मग तीन ५ व्होल्टच्या, पुन्हा तीन ग्राउंड आणि शेवटच्या तीन १२ व्होल्टच्या. हे ठरलेलं आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असं काही ठरलेलं नाही. तिथे कुठल्या भोकात १२ व्होल्ट द्यायचे आणि कुठल्या भोकात ग्राउंड, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतसुद्धा फरक सापडतो. प्लास्टिकचा आकार सारखा असतो, खटका ‘टक’ करून बसतो, आणि माणसाला वाटतं बसली म्हणजे चालणारच. पूर्वी तारा रंगीत असायच्या, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट, काळी ग्राउंड. गडबड असेल तर निदान डोळ्यांना दिसायची. आता दिसायला छान म्हणून सगळ्या तारा काळ्या केल्यात.

तुमच्याकडे बहुधा असं झालं असावं. नव्या एसएमपीएसने ज्या पिनेवर १२ व्होल्ट सोडले, ती पिन जुन्या केबलमधून डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी पोचली. बहुतेक हार्डडिस्कच्या सर्किट बोर्डावर, पॉवरच्या पिनांपाशी, दोन छोटे काळे चौकोनी तुकडे असतात. एक ५ व्होल्टच्या लाइनवर, एक १२ च्या. ते टीव्हीएस डायोड. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागच्या सर्किटला वाचवतात. डायोड शॉर्ट झाला की एसएमपीएसला ती थेट शॉर्ट सर्किट दिसते आणि तो क्षणात आउटपुट बंद करतो. पंख्याचा पाव फेरा म्हणजे तेवढाच क्षण. दुसरी शक्यता अशी की १२ व्होल्ट थेट ग्राउंडच्या तारेवर आले, म्हणजे डिस्कपर्यंत काही पोचायच्या आधी केबलमध्येच शॉर्ट. बाहेरून दोन्हींचं लक्षण एकच.

मग बोर्डावरचा दिवा का लागतो? कारण तो वेगळ्या लाइनवर आहे. एसएमपीएसला भिंतीतून वीज मिळाली की ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन कायम चालू असते, कॉम्प्युटर बंद असला तरी. बटणाची दखल घ्यायला बोर्ड तीच वापरतो. मुख्य आउटपुट संरक्षणामुळे बंद पडली तरी ही चालू राहते. म्हणजे दिवा लागतोय यावरून एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही एवढं नक्की कळतं. मदरबोर्ड गेला की राहिला, हे त्या दिव्यावरून सांगता येत नाही, आणि फोनवरून तर अजिबात नाही. दात दुखतो म्हटल्यावर तोंड न उघडता दात काढायला सांगावा, तसला सल्ला आहे तो.

आता करायचं काय. प्लग काढलेला आहे. एसएमपीएसच्या मागचा स्विचही बंद करा, पुढचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. मग ती जुनी साटा केबल दोन्ही टोकांनी काढा. डिस्कमधूनही आणि एसएमपीएसमधूनही. नुसती डिस्कमधून काढून लोंबकळत ठेवू नका, शॉर्ट केबलमध्येच असेल तर तसाच राहील. ग्राफिक्स कार्ड काढा. नवी रॅम काढा, जुनी एकटी तिच्या मूळ जागी ठेवा. आता एसएमपीएसच्या बाकीच्या केबल एकेक करून बघा: २४ पिनांची मोठी, प्रोसेसरची ८ पिनांची. या दोन्ही नव्या एसएमपीएसच्या डब्यातून निघालेल्याच आहेत ना? ‘बहुतेक’ असं उत्तर येत असेल तर त्याही काढून डब्यातल्या लावा. मग दोनेक मिनिटं थांबा. हे थांबणं उगाच नाही. बऱ्याच एसएमपीएसचं संरक्षण एकदा अडकलं की वीज पूर्ण तोडून थोडा वेळ दिल्याशिवाय सुटत नाही, आणि लोक घाईत बटण दाबून ‘अजून बंदच’ असा निष्कर्ष काढतात.

आता प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, यूपीएस नको. बटण दाबा. पंखे फिरत राहिले तर तुमचा मदरबोर्ड जवळपास नक्कीच जिवंत आहे. माझा अंदाज आहे की फिरतील. स्क्रीनवर काही दिसणार नाही, त्याची काळजी करू नका. रायझन ५ २६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय चित्र येणारच नाही. मग बंद करून, प्लग काढून कार्ड परत बसवा, त्याला नव्या एसएमपीएसचीच पीसीआय केबल द्या आणि मॉनिटरची वायर बोर्डाच्या एचडीएमआयला न लावता कार्डाच्या पोर्टला लावा. हे शेवटचं वाक्य वाचून हसू येईल, पण ‘पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच मशीनचं दुखणं ही वायर असते.

विंडोज तुम्ही लिहिल्याप्रमाणे एनव्हीएमई एसएसडीवर आहे. तिला वीज बोर्डाच्या एम.२ स्लॉटमधून मिळते, त्या केबलशी तिचा संबंध नाही. त्यामुळे विंडोज जसंच्या तसं उघडायला हवं. फोटो हार्डडिस्कवर आहेत, त्याबद्दल खाली लिहितो. तो भाग घाईत वाचू नका.

समजा पंखे अजूनही फिरले नाहीत. तर पाव फेरा आणि थांब असं होतंय, की काहीच होत नाही, हे नीट बघा. ‘चालू होत नाही’ हे एकच वाक्य लोक तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरतात. अजिबात हालचाल नसेल तर आधी वीज आणि बटण तपासायचं. हलून थांबत असेल तर शॉर्ट शोधायचा. पंखे फिरतात पण चित्र नसेल तर रॅम, कार्ड आणि बायोसकडे (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) जायचं. चालू-बंद, चालू-बंद असं स्वतःच होत राहिलं तर बहुतेक वेळा रॅम, नाहीतर प्रोसेसर आणि बायोसचं जमत नाही. इथे चूक झाली की माणूस चुकीच्या दिशेने चार दिवस फिरतो.

हलून थांबत असेल तर माझा पुढचा संशय प्रोसेसरच्या ८ पिनांच्या केबलवर. प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची, दोन्ही केबल ८ पिनांच्या असतात आणि लांबून सारख्या दिसतात. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. आतली मांडणी उलटी आहे: प्रोसेसरच्या केबलमध्ये १२ व्होल्ट खटक्याच्या बाजूच्या रांगेत असतात, कार्डाच्या केबलमध्ये त्या बाजूला ग्राउंड. कार्डाची केबल जोर लावून प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये बसवली की थेट शॉर्ट. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे केलेले असतात, पण कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात, अंधारात, अंगठ्याने दाबणाऱ्याला ते कुठे दिसतात. कनेक्टरवर ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआय-ई’ छापलेलं असतं, टॉर्च लावून वाचा.

दुसरा संशय, सुटा स्क्रू. बोर्ड तुम्ही काढलेलाच नाही, त्यामुळे खाली जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो धातूचा छोटा खुंट) राहून शॉर्ट झाला, हे नेहमीचं कारण तुम्हाला लागू नाही. पण कार्ड लावताना मागच्या पट्टीचा स्क्रू हातातून निसटून बोर्डामागे गेला असू शकतो. कॅबिनेट आडवं-उभं करून हलवा आणि ऐका. खुळखुळ आली तर आणखी काही करण्याआधी तो काढा.

आता अजिबात हालचाल नसेल त्यांच्यासाठी. यासाठी साधं डिजिटल मल्टिमीटर पुरे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं ते स्वस्तातलं सुद्धा चालतं. २४ पिनांच्या कनेक्टरला रंगीत तारा असतील तर काम सोपं. कनेक्टर बोर्डात लावलेलाच ठेवा, मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला, आणि लाल प्रोब तारेच्या बाजूने कनेक्टरच्या भोकात हलकेच आत. जांभळ्या तारेवर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये व्होल्ट यायला हवेत. ती स्टँडबाय. तिथे शून्य असेल तर बटण, रॅम, प्रोसेसर सगळं सोडा. एसएमपीएस, केबल किंवा सॉकेट यांपैकी काहीतरी आहे.

जांभळी ठीक असेल तर हिरवी बघा. बंद अवस्थेत तिच्यावर २ व्होल्टच्या वर, बहुतेक ठिकाणी ५ च्या आसपास दिसतं. आता दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि मीटरकडे बघा. हिरवी ० च्या जवळ आली म्हणजे बोर्डाने एसएमपीएसला ‘चालू हो’ असं सांगितलं. तरी पंखे फिरले नाहीत तर एसएमपीएस ऐकत नाही किंवा शॉर्टमुळे लगेच माघार घेतोय. हिरवी हललीच नाही, तर निरोपच गेला नाही: बटण, बटणाची वायर किंवा बोर्ड. घरबसल्या एवढी स्पष्ट फोड करून देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही, आणि दुकानात फार थोडे लोक ती करतात. पार्ट बदलून बघणं त्यांना सोपं पडतं, कारण पार्ट त्यांच्याकडे असतात.

बटणाचा प्रश्न असेल तर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पिनांचा गठ्ठा असतो, त्यातल्या ‘पॉवर स्विच’च्या दोन पिना मॅन्युअलमध्ये बघून शोधा. बटणाची वायर काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन चालू झालं तर बटण खराब. तोवर रीसेटच्या बटणाची वायर तिथे लावून काम भागतं. कार्ड मोठं असेल तर बसवताना ही वायर ओढली जाऊन निघून येते, तेही बघा.

इंटरनेटवर हिरवी आणि काळी तार जेम क्लिपने जोडून एसएमपीएस चालवायची युक्ती दिसेल. युक्ती खरी आहे, पण तिचा अर्थ लोक जास्त लावतात. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून आणि बाकी सगळ्या केबल पार्टांमधून काढूनच ती करायची. पंखा फिरला तर एसएमपीएस चालू होतो एवढंच कळतं, लोड पेलतो का ते नाही. पंखा फिरला नाही तरी तो मेला असं नाही, कारण हल्ली बरेच एसएमपीएस लोड कमी असताना पंखा बंदच ठेवतात. मीटरने पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ येतात का ते बघा. तुमच्यासारख्या सगळ्या काळ्या तारा असतील तर मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून पिन मोजा. अंदाजाने क्लिप खुपसू नका. आणि एसएमपीएसचं झाकण कुणीही उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ राहतो.

एवढं करूनही काही हाती लागलं नाही तर बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीतून आला तिच्यावर नको, ती बाहेरून थोडीफार वीजवाहक असते. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, दोन पॉवर केबल. बस्स. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, जवळपास सगळे बोर्ड एका स्टिकसाठी तोच सांगतात. इथे चालू झालं तर दोष कॅबिनेटमध्ये, नाही झालं तर बोर्ड किंवा प्रोसेसर. ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य इथे पोचल्यावर उच्चारायचं.

नवी रॅम परत लावताना एक गोष्ट. जुन्या-नव्याची जोडी नेहमी जमतेच असं नाही. नवी एकटी लावून बघा, मग दोन्ही, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद ठेवून. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासायची आपल्याकडे रीत आहे. मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने, ठीक आहे. शाई खोडायचा खरखरीत मात्र नको, तो सोन्याचा मुलामा खरवडतो. कोकणात पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेली मशीन नुसती रॅम काढून-घालून चालू झालेली मी कितीतरी बघितली आहेत, घासायचीही गरज पडत नाही.

तुम्ही प्रोसेसर बदललेला नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी बदलला असेल तर: बी४५० बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० मालिका २०२० च्या नोव्हेंबरातली. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर घातला की पंखे फिरतात आणि चित्र येत नाही, मग लोक प्रोसेसर खराब म्हणून परत द्यायला धावतात. जुना प्रोसेसर परत घालून बायोस अपडेट करा. मागे बायोस फ्लॅशचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही पेन ड्राइव्हने होतं. डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम असणाऱ्यांनी पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं धीर धरावा, रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असताना स्क्रीन काळाच राहतो आणि तेवढ्यात लोक बटण दाबून बंद करतात.

तुम्ही लिहिलंय की कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. त्याचा या बिघाडाशी संबंध नाही, पण ते तसंच सोडू नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट अर्थिंगकडे सोडतात. घरात अर्थिंग तुटलेलं असेल तर तो जायला जागा उरत नाही आणि कॅबिनेटवर ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, म्हणून फक्त मुंग्या. वायरमन बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. दोन पिनांचा अडॅप्टर वापरत असाल तर तो फेकून द्या.

आता हार्डडिस्क. मुलीचे लहानपणापासूनचे फोटो तिच्यावर आहेत आणि दुसरी प्रत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तर तिला योग्य केबल लावूनही लगेच चालू करून बघू नका. आधी मीटर. कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असेल तर बीप वाजते त्या खुणेवर) ठेवून डिस्कच्या पॉवरच्या पिनांमध्ये ग्राउंड आणि ५ व्होल्ट, मग ग्राउंड आणि १२ व्होल्ट तपासा, प्रोब उलटसुलट करून. दोन्ही दिशांनी बीप सलग वाजत राहिली तर तो टीव्हीएस डायोड शॉर्ट आहे. एका अर्थी ही बरी बातमी: त्याने आपलं काम केलं, मागचं बहुधा शाबूत आहे. डेटा रिकव्हरीवाले असा डायोड काढून टाकतात आणि डिस्क बऱ्याचदा फिरते. ते काम तुम्ही घरी करू नका, कारण नंतर डिस्कला काहीच संरक्षण उरत नाही आणि फोटो उतरवायला एकच संधी असते. तशाच मॉडेलची दुसरी डिस्क घेऊन तिचा सर्किट बोर्ड इकडे लावा, असंही कुणी सुचवेल. हल्लीच्या डिस्कमध्ये त्या त्या डिस्कची खास माहिती बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असते, ती चिप न हलवता बोर्ड बदलून उपयोग होत नाही. बीप वाजली नाही तर नव्या एसएमपीएसच्या डब्यातली साटा केबल लावून डिस्क चालू करा, पण सगळ्यात आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.

कार्डाबद्दल शेवटचं विचारलंय, ६५० वॅट पुरतील का. ३०६० ला जास्तीत जास्त १७० वॅट लागतात. त्यातले ७५ पर्यंत स्लॉटमधून आणि १५० पर्यंत ८ पिनांच्या केबलमधून घेता येतात. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा. चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस आरामात पुरतो. जुना एसएमपीएस कुणाला देणार असाल तर त्याच्या सगळ्या केबल त्याच्याच पिशवीत घालून, वर मॉडेलचं नाव लिहून द्या. ती डिस्कची केबलही त्यातच.